कोरा रकाना

"शेवटचे दोन आठवडे जरा सावकाश जाऊ देत," डॉक्टर आवटी माझ्या खुर्चीमागून म्हणाले. "पिंपळमाळची पट्टी कशी आखडत आखडत शून्यावर आली पाहिजे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, चला, गेली एकदाची साथ."

सकाळचे पावणेअकरा झाले होते. साडेअकराला कलेक्टर मॅडमपुढे बैठक, आणि साहेब सकाळपासून चौथ्यांदा येऊन काहीतरी नवीन सुचवत होते. आधी रंग बदला, मग अक्षरं मोठी करा, मग कोपऱ्यात त्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव दिसतंय ते झाका. नाव दिसणारच होतं, कारण सॉफ्टवेअर पंधरा दिवसांपुरतं फुकट मिळालेलं. विकत घ्यायचा प्रस्ताव कुठल्या टेबलावर झोपला होता देव जाणे. मी त्या नावावर जिल्हा परिषदेचं बोधचिन्ह चिकटवलं आणि गप्प बसले.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. मी तेव्हा पंचवीसची होते, आरोग्य विभागात अकरा महिन्यांच्या करारावर डेटा ऑपरेटर. करार महिनाअखेरीला संपत होता आणि पुढच्या करारासाठी आवटी सरांची शिफारस लागणार होती. हे मी विसरत नव्हते आणि तेही मला विसरू देत नव्हते. तसा माणूस वाईट नव्हता. जिल्ह्यात कुठंही जुलाब नाहीतर काविळीची साथ आली की हा माणूस जीपमध्ये बसून आधी तिथं पोचायचा. दोन महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. जाताजाता पिंपळमाळची साथ आपल्या हातून आटोक्यात आली, एवढं एक समाधान त्यांना हवं होतं.

पिंपळमाळ म्हणजे तीनेक हजार वस्तीचं गाव. तिथल्या नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि घराघरात माणसं पिवळी पडू लागली. चौथ्या आठवड्यात सव्वीस रुग्ण झाले तेव्हा टाकीच बंद केली आणि टँकर सुरू झाले. टँकरचं पाणी काय पुरतंय? बायकांनी घागरी घेऊन रस्ता अडवला, पेपरात फोटो आले. पाणीपुरवठ्याच्या तांबोळी साहेबांनी फुटलेला जोड बदलला, पाण्याचा नमुना चांगला आला. आता फक्त एक अट राहिली होती. सलग दोन आठवडे गावात एकही नवा रुग्ण नको. ती अट पूर्ण झाल्याचं आज दाखवायचं होतं, मॅडमनी मान डोलवली की दुपारी दोनला टाकी सुरू. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस सकाळपासूनच टाकीपाशी जाऊन बसला होता.

आणि दाखवायचं कसं, तर माझ्या पळत्या आलेखातून. ही हौस माझीच. आधीच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या होत्या की या तक्त्यांतून काही डोक्यात शिरत नाही, तेव्हा मीच आगाऊपणे पुढे होऊन सांगितलं की सर, मी हे हलतं करून दाखवते. मग काय, पाच गावांच्या पाच आडव्या पट्ट्या. खाली आठवडे सरकतात, तसतशा पट्ट्या लांब होतात, आखूड होतात, एकमेकींना मागं टाकून वर चढतात. पिंपळमाळला मी पिवळा रंग दिला होता. काविळीला पिवळा! फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा.

आवटी सर गेले. मी वेग कमी करायला आकड्यांचा तक्ता उघडला. सातव्या आणि आठव्या आठवड्याच्या रकान्यांवर आले आणि हात माऊसवरच थांबला.

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडे दर सोमवारी प्रत्येक उपकेंद्रातल्या नर्सबाईंचा साप्ताहिक अहवाल तालुक्याला येतो आणि तिथून आम्हाला. रुग्ण असतील तर आकडा लिहायचा. एकही नसेल तर रकाना कोरा सोडायचा नाही. तिथं स्वच्छ अक्षरात 'निरंक' लिहायचं आणि खाली सही करायची. निरंक म्हणजे मी घरोघर फिरले, पाहिलं आणि कोणी आजारी नाही. कोरा रकाना म्हणजे काहीच नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला हे खुद्द आवटी सरांनीच शिकवलं होतं.

बाकीच्या चार गावांच्या कागदांवर निरंक होतं. पिंपळमाळचा सहाव्या आठवड्याचा आकडा चौदा, तिथल्या नर्सबाई गुरव सिस्टरांच्या सहीनिशी. सातव्याचा रकाना तालुक्याकडून कोराच आला होता. आठव्याचाही कोराच.

आणि माझ्या तक्त्यात तिथं शून्य होतं. दोन्हीकडे.

ते शून्य मी टाकलं होतं. मला अगदी लख्ख आठवलं. गेल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, डाव्या हातात पोळीची गुंडाळी, उजव्या हातानं मी आलेख चालवून बघत होते. रकाना कोरा ठेवला की सॉफ्टवेअर नखरे करायचं. पिवळी पट्टी मध्येच गायब व्हायची, उरलेल्या पट्ट्या धक्का बसल्यासारख्या वर उड्या मारायच्या, सगळी शोभा जायची. मी शून्य टाकलं. टाकल्याबरोबर पट्टी कशी लोण्यासारखी आखडत गेली. मी खुश झाले आणि उरलेली पोळी खाल्ली. काल, परत गुरुवारी, आठव्या आठवड्यालाही तेच केलं. दुसऱ्यांदा करताना तर विचारसुद्धा केला नाही.

मी तालुक्याला फोन लावला. तिथला आकडेवारीचा माणूस म्हणाला, गुरव सिस्टरचा कागदच आला नाही, रजेवर असतील. रजेचा अर्ज आहे का, तर बघावं लागेल म्हणे. उपकेंद्रात दुसरं कोणी? पुरुष कर्मचाऱ्याची जागा दोन वर्षं रिकामी, आशाताई संपावर. सिस्टरांचा मोबाईल लावला, तो बंद. पुन्हा लावला. मग उठले आणि थेट सरांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी ऐकून घेतलं. चेहरा उतरला त्यांचा, पण क्षणभरच. मग ते मला नाही, स्वतःलाच समजावल्यासारखं बोलू लागले. टाकी बंद होऊन महिना होत आला, आकडा सव्वीसवरून बावीस आणि बावीसवरून चौदावर आलाच होता, म्हणजे शून्यच असणार. रुग्ण असते तर एव्हाना बोंब झाली असती, सरकारी दवाखान्यात रांग लागली असती.

"सर, काविळीला कोण येतंय सरकारी दवाखान्यात?" मी म्हणाले. "माणसं वैदूकडे माळ घालून घ्यायला जातात. आमच्या घरातलीसुद्धा गेलेली आहेत."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ढोबळे, ही फाईल मी काल रात्रीच मॅडमच्या पीएला पाठवली आहे. तीत शून्य आहे. आता साडेअकराला मी काय सांगू, की आमच्या पोरीनं आकडा मनानं टाकला? तुझा करार, माझी पेन्शन, सगळं त्या एका शून्यावर येईल. आहे ते चालव. दुपारी मी स्वतः पिंपळमाळला जाऊन येतो."

दुपारी म्हणजे टाकी सुरू झाल्यावर. हे दोघांनाही ठाऊक होतं.

खरं सांगते, मी निमूटपणे लॅपटॉप उचलला आणि सभागृहाकडे निघाले. घरी बाबांचं डायलिसिस चालू होतं, माझ्या पगारावर घर होतं. मी कोणी शूरवीर नव्हते. जिन्यावर चढतानासुद्धा मी मनाशी तेच म्हणत होते जे सर म्हणाले होते, शून्यच असणार, शून्यच असणार.

सभागृहात प्रोजेक्टर गरम होईपर्यंत पाच मिनिटं गेली. मॅडम आल्या नव्हत्या. तांबोळी साहेब फोनवर टाकीवरच्या माणसाला बजावत होते की मी सांगितल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, फोन मात्र हातातच ठेव. माझ्या समोर तक्ता उघडा होता. दोन शून्यं. माझीच. सहाव्या आठवड्याला चौदा लिहून सही करणारी बाई सातव्या आठवड्याला सहीसुद्धा करत नाही, हे मला कसं खटकलं नाही? चौदा रुग्ण अंगावर असताना कोण रजेवर जातं?

मी पहिलं शून्य पुसलं. मग दुसरं. फाईल जतन केली. बटण नीट दाबलं गेलं की नाही ते दोनदा बघितलं.

मॅडम आल्या. आवटी सरांनी प्रास्ताविक केलं, तांबोळींनी जोडाचं काम सांगितलं, आणि मग सर माझ्याकडे बघून म्हणाले, चालव.

पट्ट्या पळू लागल्या. पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. पिवळी पट्टी बाकीच्यांना मागं टाकत वर चढली, चौथ्यात पडद्याच्या पार टोकाला जाऊन भिडली. कोणीतरी च्‌ च्‌ केलं. मग ती मागं येऊ लागली. बावीस. चौदा. सरांच्या सांगण्याप्रमाणे मी वेग कमी केलाच होता, त्यामुळे सगळे डोळे लावून बसले होते. सातवा आठवडा आला आणि पिवळी पट्टी नाहीशी झाली. उरलेल्या चार पट्ट्या धाडकन वर उडाल्या. मी तिथंच थांबवलं.

"अडकलं वाटतं," तांबोळी म्हणाले.

"पिंपळमाळ कुठे गेलं?" मॅडमनी विचारलं.

आवटी सर अर्धवट उठले. मशीनमध्ये काही बिघाड दिसतो, आकडा शून्य आहे, मॅडमकडच्या प्रतीत तो दिसेलच, असं ते म्हणाले. मॅडम समोरचा कागद चाळू लागल्या. त्यांची नजर त्या शून्यावर पोचण्याआधी मला बोलायचं होतं.

"शून्य नाही मॅडम," मी म्हणाले. "माहिती आलेली नाही. दोन्ही आठवडे. आलेख नीट चालावा म्हणून शून्य मी टाकलं होतं. सरांना आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं."

आवटी सर खाली बसले आणि टेबलाकडे बघत राहिले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, पण ती नजर मला आजही नको वाटते. मग त्यांनी विचारलं, माहिती कोण देतं. मी सांगितलं, गुरव सिस्टर, फोन बंद आहे. राहतात कुठं? हे तांबोळींना ठाऊक होतं. सिस्टरांचं क्वार्टर टाकीच्या मागंच आहे.

"तुमचा माणूस टाकीवर आहे ना? त्याला जायला सांगा. फोन चालू ठेवून."

तांबोळींनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला. मग आम्ही पंधरा-वीस माणसं एका माणसाच्या चपलांचा आवाज ऐकत बसलो. गवतातून चालल्याचा, मग फरशीवरचा, मग कडी वाजवल्याचा. कितीतरी वेळ दार उघडलं नाही. तो "सिस्टर, ओ सिस्टर" करत राहिला. आवटी सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून ठेवला. मग दार करकरलं, काहीतरी पुटपुटणं झालं, आणि एक बारीक आवाज आला.

"नमस्कार मॅडम. गुरव बोलतेय. दोन सोमवारचा अहवाल राहिला माझा. माफ करा. उठवत नव्हतं."

मॅडमनी विचारलं, काय होतंय तुम्हाला?

"आहे जरा. मोबाईलला चार्जिंग नाही, लाईट गेलीय इकडची. पण वही लिहिलेली आहे मॅडम. बायका खिडकीशी येऊन सांगायच्या, मी पडल्या पडल्या लिहून घ्यायची. सांगू का?"

"सांगा."

पान उलटल्याचा आवाज आला. "सातवा आठवडा, अकरा. आठवा आठवडा, एकोणीस. दोघी गरोदर आहेत त्यात. एक आठव्या महिन्याची, ती आठव्यातली. दुसरी, काजल, पाचवा महिना, ती सातव्यातली. तिचं बरं नाही मॅडम. कालपासून ओळखत नाही कोणाला, असं तिची सासू सांगून गेली. तिला न्यायला गाडी पाठवा."

आवटी सर उठून उभे राहिले. गरोदर बाईला ही कावीळ झाली तर काय होतं, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. ते कोणाची परवानगी न घेता दाराकडे निघाले, आणि तेवढ्यात पुन्हा तो बारीक आवाज आला.

"आणि मॅडम, एकोणिसात मी मला धरलेलं नाही. धरायचं का?"

"धरा," मॅडम म्हणाल्या.

मी सातव्या आठवड्यात अकरा टाकले, आठव्यात वीस. कोणी सांगितलं नव्हतं, पण बोटं आपोआप चालली. पुन्हा सुरू केलं. पट्टी चौदावरून अकरावर आली, जराशी थबकली, आणि मग वाढू लागली. वेग मी कमी करून ठेवला होता, तोच होता. सावकाश, अगदी सावकाश ती पिवळी पट्टी वीसपर्यंत सरकत गेली, आणि तांबोळींनी टेबलावरच्या फोनमध्ये तोंड घालून सांगितलं की व्हॉल्व्हला हात लावू नकोस, तू घरी जा.

पुढचं थोडक्यात. आवटी सर स्वतःच्या जीपमधून त्या दोघींना आणि सिस्टरला जिल्हा रुग्णालयात घेऊन आले. गटाराखाली दुसरा फुटका जोड सापडला आणि टाकी महिन्याभरानं सुरू झाली. तीन हजार माणसांनी त्या दुपारी ते पाणी प्यायलं नाही. या गोष्टीसाठी माझं कौतुक झालं, मॅडमनी पत्रसुद्धा दिलं, आणि त्या पत्राच्या जोरावर माझा करार वाढला. आवटी सर निवृत्त होईपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलले. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मला सकाळी सांगितलंस तेव्हाच मी निघायला पाहिजे होतं."

लोकांना मी ही गोष्ट सांगते ती इथपर्यंतच. आज पहिल्यांदा पुढची सांगते.

दीड महिन्यानं गुरव सिस्टर आमच्या ऑफिसात आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पातळ कसंबसं अंगावर ठरलेलं, डोळ्यांत अजून पिवळी झाक. राहिलेले दोन अहवाल घेऊन आल्या होत्या, नावांच्या याद्या जोडून, खाली सही करून. फाईल कोरी राहायला नको म्हणाल्या. मी खुर्ची दिली, चहा मागवला. चहा झाल्यावर त्यांनीच विचारलं, तो हलणारा आलेख म्हणतात तो कसा असतो, बघायला मिळेल का.

मी लावून दाखवला. त्या पुढे वाकून, पदर हाताशी धरून बघत होत्या. शेवटी पट्टी वीसवर येऊन थांबली.

"यात मी कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी पट्टीच्या टोकाला बोट लावलं. "ही शेवटची एवढीशी. ती तुम्ही."

त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आणि काजल?"

काजल वाचली नव्हती. रुग्णालयात आणल्यावर तिसऱ्या दिवशी गेली. बावीस वर्षांची होती. सातव्या आठवड्याचा रकाना कोरा आला तो सोमवारी, त्यात मी शून्य टाकलं ते गुरुवारी, आणि ती माणसं ओळखेनाशी झाली ती पुढच्या गुरुवारी. मध्ये आठ दिवस होते. त्या पहिल्या गुरुवारी पोळी बाजूला ठेवून मी एक फोन केला असता, तर आठ दिवस आधी तिथं जीप पोचली असती. सिस्टरना हे माहीत नव्हतं. बैठकीत मी काय कबूल केलं ते त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलंच नव्हतं. त्या आपल्या सहज विचारत होत्या.

मी आलेख मागं नेला. सातव्या आठवड्यावर आणून थांबवला. अकरा.

"या अकरांत आहे," मी म्हणाले. "तिच्या जागी मी शून्य लिहिलं होतं, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आणलेल्या कागदांतला पहिला कागद ओढून घेतला, चौथ्या ओळीतल्या काजलच्या नावावर बोट ठेवलं आणि तो माझ्यापुढे सरकवला.

"आता नीट भरा," त्या म्हणाल्या.